बर्फावर भरवसा न ठेवणारा माणूस : माथियास झ्दार्स्की

२०१६ चा फेब्रुवारी मला नीट आठवतो. मी बारा वर्षांची होते. ३ तारखेला सियाचीनवरच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली आणि दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी त्यातले एक जिवंत सापडले. लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड, धारवाड जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या बेळगावहून दोन तासांच्या अंतरावरचे. त्या दिवसांत आमच्या घरी संध्याकाळच्या तेर्सात त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना व्हायची. ११ तारखेला ते गेले. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा माझ्या डोक्यात एकच बाळबोध प्रश्न होता. बर्फ असा अचानक कसा पडतो? कुणाला आधी कळत नाही का?

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. पहाटे धावणारी रिक्रूट पोरं आम्ही रोज बघतो. त्यातली किती तरी पुढे बर्फात जातात. पण बर्फ म्हणजे काय, हे आमच्यासारख्या, पावसाळ्यात छत्र्या मोडून घेणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं ते सहा वर्षांनी आणि भलत्याच वाटेने. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून एकटा आरिफ खान उतरला होता. त्याची स्लॅलम शर्यत मी पाहिली. ती त्याला पूर्ण करता आली नाही. हा काठ्यांच्या मधून वळत वळत उतरण्याचा खेळ कुणी काढला, म्हणून शोधायला गेले आणि माथियास झ्दार्स्की हे उच्चारायला अवघड नाव समोर आलं. ऑस्ट्रियात त्याला स्कीइंगचा आद्य गुरू मानतात. मला मात्र तो दुसऱ्याच कारणासाठी लक्षात राहिला. ज्या उतारांवर माणसाने हिवाळ्यात पाऊलही टाकलं नव्हतं, तिथे त्याने माणसांना नेलं. आणि तिथे काय वाट बघत असतं, हे स्वतःच्या हाडांवर मोजून त्याने लिहून ठेवलं.

त्याचा जन्म २५ फेब्रुवारी १८५६ चा, मोराव्हियात त्रेबीच गावाजवळच्या कोझिखोवित्से या खेड्यात. आज हा भाग चेक प्रजासत्ताकात येतो, तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. वडील पिठाची गिरणी चालवायचे. घरात मुलं भरपूर. लहानपणी एका स्फोटात त्याचा डावा डोळा गेला. चरित्रं लिहिणारे हे एका ओळीत सांगून पुढे जातात, मला पुढे जाववत नाही. एक डोळा मिटून जिना उतरून बघा. पायरी नेमकी कुठे आहे हे कळत नाही, पाय चाचपडतो. अशा माणसाने आयुष्यभर जगातले तिरपे उतार उतरायचं ठरवावं, हे अजब आहे. की डोळ्यांवर पूर्ण विसंबता येत नाही हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणूनच तो पायाखालच्या बर्फाकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यायला शिकला? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

तो शिकून शिक्षक झाला, शाळेत शिकवलं. पुढे म्युनिकला चित्रकला-शिल्पकलेचे धडे घेतले, झुरिकला तंत्रशिक्षण घेतलं. कुठेच फार टिकला नाही. १८८९ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, व्हिएन्नाच्या नैऋत्येला लिलिएनफेल्ड गावाजवळ हाबर्नराइट नावाची डोंगरातली शेतवाडी त्याने विकत घेतली आणि तिथे एकटा राहायला गेला. खाली खोऱ्यात तेराव्या शतकापासूनचा सिस्टर्शियन संन्याशांचा मठ, वर हा बिनझग्याचा संन्यासी. वाचायचं, कोरायचं, जमीन कसायची, असा त्याचा बेत असावा. पण तिथला हिवाळा लांब. बर्फ पडला की घर बेटासारखं तुटायचं.

त्याच सुमाराला नॉर्वेच्या फ्रित्योफ नान्सेनचं पुस्तक युरोपभर गाजत होतं. १८८८ मध्ये नान्सेनने स्की पायाला बांधून ग्रीनलंड आडवं पार केलं होतं, त्याची ती हकिगत. झ्दार्स्कीने ती वाचून नॉर्वेहून स्कीची जोडी मागवली. जवळजवळ तीन मीटर लांब लाकडी फळ्या, पायाला वाद्यांनी कशाबशा बांधायच्या. नॉर्वेच्या लांबट, सौम्य टेकड्यांवर त्या छान चालत. हाबर्नराइटच्या उतारावर मात्र त्या वळतही नव्हत्या आणि थांबतही नव्हत्या. शेजारीपाजारी कुणी स्की पाहिलेली नव्हती, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? तो एकटाच पडत राहिला, उठत राहिला. सहा हिवाळे गेले. या काळात पाय स्कीला जखडणाऱ्या बांधणीचे सुमारे २०० नमुने त्याने करून पाहिले म्हणतात. शेवटी जमली ती पोलादी पट्टीची. टाच वर उचलता येते, पण पाय आडवा हलत नाही. स्कीही आखूड केली. हातात दोन काठ्यांऐवजी एकच लांब काठी. आणि फळ्यांच्या शेपट्या बाहेर ढकलून वेग मारत, नागमोडी वळणं घेत उतरायची नवी रीत. १८९६ च्या अखेरीस त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं. आल्प्समधल्या स्कीइंगचं ते पहिलं शास्त्रशुद्ध पुस्तक समजलं जातं.

नॉर्वेवाले आणि त्यांचे जर्मन चाहते भडकले. स्की म्हणजे आमचा वारसा, हा कोण गिरणीवाल्याचा पोर आम्हाला शिकवणार, असा एकंदर सूर. कार्ल्सरूहचा भूगर्भशास्त्रज्ञ विल्हेल्म पाउल्के हा त्याचा मोठा विरोधक. पाउल्के काही साधा माणूस नव्हता, १८९७ मध्ये त्याने साथीदारांसह बर्नीज ओबरलंडच्या हिमनद्या स्कीवरून पार केल्या होत्या. पुढे गेओर्ग बिल्गेरी या लष्करी अधिकाऱ्याशी बांधणीवरून आणि काठ्यांवरून इतकं वाजलं की गोष्ट द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेली. सुदैवाने ते झालं नाही. एक काठी की दोन काठ्या यावरून माणसं जीव द्यायला निघाली होती! आपल्याकडच्या साहित्य संमेलनांतले वाद त्यामानाने सोज्वळ म्हणायचे. खरं सांगायचं तर झ्दार्स्कीचाही स्वभाव गोड नव्हता. आपलंच बरोबर, हा त्याचा हट्ट शेवटपर्यंत होता. आणि काठ्यांच्या बाबतीत तो हरला, हे आज कुठलाही स्कीइंगचा व्हिडिओ पाहिला तरी दिसतं.

पण शिकवण्यात त्याने कसर ठेवली नाही. रविवारी सकाळी व्हिएन्नाहून आगगाडी भरून लोक लिलिएनफेल्डला येत. कारकून, विद्यार्थी, बायका, कामगार. झ्दार्स्की एकेका वेळी मोठमोठ्या गटांना शिकवायचा आणि एक पैसा घ्यायचा नाही. शिस्त मात्र लष्करी. ओळ मोडायची नाही, सांगितलेल्या जागीच वळायचं, कुणी हुशारी केली तर घरी जायचं. १९ मार्च १९०५ ला, रविवारी (सेंट जोसेफचा सण होता त्या दिवशी, कॅलेंडर तपासताना माझ्या लक्षात आलं), मुकेनकोगल डोंगरावर त्याने दारं रोवून २४ जणांना त्यातून उतरवलं. इतिहासात ही पहिली स्लॅलम शर्यत म्हणून नोंदली गेली आहे. त्याच्या लेखी ती शर्यतीपेक्षा परीक्षा होती. दाट झाडीत, अरुंद घळीत, समोर काही अचानक आलं तर तुम्हाला हव्या त्या जागी वळता येतं का, थांबता येतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. डोंगरात न थांबता येणं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं.

इथे या गोष्टीतली खरी अडचण सुरू होते.

झ्दार्स्कीच्या आधी आल्प्समध्ये हिवाळ्यात उंच उतारांवर जाणारे थोडेच. खिंडीतून माल नेणारे, लाकूडतोडे, ग्रेट सेंट बर्नार्डसारख्या खिंडीतल्या धर्मशाळेत वाटसरूंना वाचवणारे संन्यासी. हिमस्खलनाची भीती होती ती खालच्या गावांना. वरून बर्फ सुटला की घरं, गोठे, चर्च जायचं. त्यामुळे तोवरचा अभ्यासही गावं आणि जंगलं वाचवण्याचा होता. स्वित्झर्लंडचा वनाधिकारी योहान कोआझ याने १८८१ मध्ये हिमस्खलनांवर मोठं पुस्तक लिहिलं. कुठल्या घळीतून दरवर्षी बर्फ येतो, कुठे झाडं लावावीत, कुठे दगडी बांध घालावेत, याची त्यात व्यवस्थित नोंद होती. यात धोका वरून येतो आणि माणूस खाली असतो.

स्कीवाल्याचं उलटं असतं. तो स्वतःच उतारावर चढतो. आणि आज सगळ्या देशांतल्या अभ्यासातून निघालेली गोष्ट अशी, की स्कीवर गेलेल्या माणसाला गाडणारं हिमस्खलन बहुतेक वेळा त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेलं असतं. त्याच्याच वजनाने. झ्दार्स्कीच्या नव्या बांधणीमुळे आणि वळणांमुळे जे उतार माणसाला खुले झाले ते साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचे. बर्फ सुटतो तोही नेमका याच उतारांवर. पंचवीस अंशांच्या खाली तो सहसा जागेवर बसून राहतो, पन्नासच्या वर तो मुळात साठतच नाही, पडता पडता घसरून जातो. मधला पट्टा वाईट. हा पट्टा फार भयंकर तिरपा असतो असंही नाही. आपल्या घरातला नेहमीचा जिना तीस-पस्तीस अंशांचा असतो. जिन्याएवढ्या उतारावर माणूस मरू शकतो, हे मला समजायला वेळ लागला.

बर्फ एकसंध नसतो, हे त्याहून महत्त्वाचं. गोव्याच्या मावशीने नाताळला बेबिंक पाठवलं की आम्ही भावंडं त्याचे थर सोलून खातो. डोंगरावरचा बर्फही तसाच थराथराने चढतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, मध्ये उन्हाने वितळून गोठलेला कडक पापुद्रा, वर वाऱ्याने आणून दाबलेला दाट थर. यातला एखादा थर जर मोठ्या दाण्याच्या साखरेसारखा सुटा राहिला, तर वरचं सगळं त्याच्यावर नुसतं ठेवलेलं असतं, चिकटलेलं नसतं. थंडी कडक आणि बर्फ पातळ असला की जमिनीलगत असे साखरेसारखे दाणे तयार होतात. निरभ्र रात्री पृष्ठभागावर दवाचे गोठलेले पिसारे उगवतात, दिसायला अप्रतिम, आणि नंतर नव्या बर्फाखाली दबले की तेही तसेच दगा देतात. वरून उतार गुळगुळीत, पांढरा, शांत. एक माणूस त्यावर आडवा जातो, खालचा नाजूक थर कोलमडतो, तो कोलमडणं क्षणात दूरपर्यंत पसरतं, आणि वरची अख्खी लादी एका रेषेत तुटून निघते. माणूस उभा असतो त्या लादीवरच.

मग आधी कळतं का? माझा बारा वर्षांचा प्रश्न. काही प्रमाणात कळतं. गेल्या दिवस-दोन दिवसांत नवा बर्फ किती पडला आणि वारा कुठून होता. कारण वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला ढीग घालतो, आणि तो ढीग वाईट असतो. एकदम ऊब आली का, पाऊस पडला का. शेजारच्या, त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारावरून ताजा बर्फ सुटलेला दिसतो का. पाय टाकल्यावर खालून पोकळ धप्प असा आवाज येतो का, स्कीच्या टोकापासून भेगा पळतात का. एवढी खूण मिळाली की मागे फिरायचं, चर्चा नको. काठी बर्फात खुपसली तर कुठे कडक लागतं, कुठे एकदम भुसभुशीत, हे हाताला कळतं, खड्डा खणला तर थर डोळ्यांना दिसतात. आज युरोपात १ ते ५ अशी धोक्याची पातळी रोज जाहीर होते. गंमत म्हणजे, गंमत हा शब्द बरोबर नाही, सर्वांत जास्त माणसं पातळी ५ ला मरत नाहीत. त्या दिवशी कुणी घराबाहेरच पडत नाही. मरतात ती पातळी ३ ला. ऊन पडलेलं असतं, बर्फ ताजा असतो, आणि कालच कुणीतरी त्याच उतारावरून सुखरूप आलेलं असतं.

झ्दार्स्कीच्या काळी यातलं काही मांडलेलं नव्हतं. त्याच्याकडे फक्त वर्षानुवर्षं एकाच डोंगरात राहून जमवलेली नजर होती आणि बर्फाला निष्पाप मानायला ठाम नकार होता. डोंगरात अडकलेल्यांसाठी त्याने वजनाला हलका, पाठपिशवीत मावणारा तंबू शिवला. तो अंगावर ओढून माणसं वारा टाळत रात्र काढू शकत. जर्मन भाषिक गिर्यारोहक अशा आपत्कालीन पिशवीला अजूनही झ्दार्स्कीच्या नावाने ओळखतात. मला त्याच्या सगळ्या शोधांत हा सर्वांत आवडतो. माणसांना डोंगरात नेणाऱ्याने ती तिथे अडकतील हे आधीच गृहीत धरलं होतं.

मग युद्ध आलं. मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रियाविरुद्ध उतरला आणि आघाडी आल्प्सच्या शिखरांवरून गेली. जिथे उन्हाळ्यातही मेंढपाळ जपून जातात तिथे हजारो सैनिक हिवाळ्यात राहू लागले. बरॅकी, तोफा, रसदीची वाट, सगळं उतारांवर. शत्रूच्या गोळीपासून लपायला कड्याचा आडोसा हवा, आणि बर्फ साठतो तो आडोशालाच. झ्दार्स्कीचं वय साठीला टेकलेलं. तरी तो पर्वतयुद्धाचा सल्लागार म्हणून कार्निक आल्प्समध्ये गेला. सैनिकांना स्कीवर चालायला शिकवणं आणि डोंगरातल्या धोक्यांबद्दल अधिकाऱ्यांना सल्ला देणं, हे त्याचं काम.

२८ फेब्रुवारी १९१६. साठावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते. एका हिमस्खलनात काही सैनिक गाडले गेले आणि झ्दार्स्की सोबत्यांना घेऊन त्यांना काढायला निघाला. तेवढ्यात वरून दुसरं सुटलं आणि त्यात तो सापडला.

आज बचावपथकाला शिकवला जाणारा पहिला धडा हाच असतो. गाडलेल्याकडे धावण्याआधी वर बघा, अजून बर्फ लटकलेला आहे का. पण त्याच शिक्षणातला दुसरा आकडा असा, की पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली दहातली नऊ माणसं जगतात आणि अर्धा तास उलटला की बहुतेक गुदमरतात. म्हणजे थांबून विचार करा आणि एक मिनिटही घालवू नका, दोन्ही एकाच वेळी. झ्दार्स्कीइतका बर्फ जाणणारा माणूस त्या आघाडीवर क्वचितच दुसरा असेल. वर काय लटकलेलं असू शकतं हे त्याला माहीत नसेल, हे मला पटत नाही. त्याच्या हिशेबात चूक झाली, की हिशेब कळूनही तो गेला? मी यावर बरंच डोकं चालवलं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. तरीही जाणं बरोबर होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्याच्या मागे सोबतीही होते, आणि उतारावर आपण एकटे नसतो.

हाडं मोडणं आणि सांधे निखळणं मिळून ऐंशी ठिकाणी इजा झाली होती. आकडा ऐकून पहिल्यांदा मला ती दंतकथा वाटली. पण हिमस्खलन म्हणजे मऊ कापूस अंगावर पडणं नव्हे. वाहताना ते माणसाला पिळतं, हात एकीकडे, पाय दुसरीकडे ओढले जातात, आणि थांबल्या क्षणी ते आवळून घट्ट होतं, काँक्रीट ओतल्यासारखं. बोटही हलत नाही. यातून तो जगला. डॉक्टरांनी जगवला हे खरं, पण पुढची वर्षं त्याने स्वतः झुंज दिली. स्वतःच्या शरीरासाठी उपकरणं स्वतः योजली, व्यायाम ठरवले, एकेक सांधा पुन्हा हलता केला. बांधणीचे दोनशे नमुने करणारा माणूस तोच! आता तेच कसब त्याने आपल्या मोडक्या देहावर चालवलं. आणि तो पुन्हा स्कीवर उभा राहिला.

तो अंथरुणात होता त्याच वर्षी, १३ डिसेंबरला, मार्मोलाडा पर्वतावर ग्रान पोझ इथल्या ऑस्ट्रियन बरॅकींवर बर्फ आला. निदान २७० माणसं गेली. बरॅकी शत्रूच्या तोफांपासून सुरक्षित होत्या, पण शिखराच्या थेट खाली. तिथला कप्तान रुडॉल्फ श्मिट याने जागा धोक्याची आहे, हलवू द्या, अशी वरिष्ठांकडे विनंती केली होती. ती फेटाळली गेली. त्यानंतर दिवसेंदिवस बर्फ पडला, मग एकदम ऊब आली. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा एकापाठोपाठ एक. या घटनेला पांढरा शुक्रवार म्हणतात, जरी तो दिवस बुधवार होता. १३ डिसेंबर हा सेंट लुसीचा सण. डोळ्यांच्या आजारात लोक जिच्याकडे धावतात ती संत. कप्तानाला दिसत होतं. दिसणं आणि ऐकलं जाणं यांत केवढं अंतर असतं, एवढंच मी त्या दिवसाबद्दल लिहू शकते. त्या हिवाळ्यात त्या आघाडीवर दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक बर्फाने मारले.

१९२९ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, झ्दार्स्कीने हिमस्खलनांवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात स्वतःच्या गाडलं जाण्याची हकिगतही आहे. शरीराला काय काय होत गेलं ते त्याने असं लिहिलंय, जणू दुसऱ्याच कुणाची तपासणी चालली आहे. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्या अलिप्तपणाचा धक्का बसतो. मला तो त्याच्या स्वभावाला धरूनच वाटतो. रडगाणं त्याला जमलं नसतं. आणि दया घेऊन तो करणार काय? त्याला लोकांनी सावध व्हायला हवं होतं.

विशेष म्हणजे त्याचा जुना वैरी पाउल्केसुद्धा उतारवयात त्याच विषयाकडे वळला. बर्फात खड्डे खणून थर तपासणं, खालचा तो साखरेसारखा सुटा थर ओळखणं, यात पाउल्केचं काम फार मोलाचं, आणि त्याचं हिमस्खलनावरचं पुस्तक १९३८ मध्ये आलं. तरुणपणी कुणाची स्की खरी यावर भांडलेले दोघे म्हातारपणी एकाच खड्ड्यात डोकावत होते, अर्थात वेगवेगळ्या बाजूंनी. नॉर्वेवाल्यांशी तर त्याआधीच जमलं होतं. १९०५ मध्ये त्यांचा हास्सा हॉर्न नावाचा जाणकार लिलिएनफेल्डला येऊन, झ्दार्स्कीबरोबर उतार उतरून, समाधानाने परत गेला होता. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या वर वाइसफ्लुयोख इथे बर्फाची प्रयोगशाळा सुरू झाली, सुरुवातीला लाकडी खोपटात. एका माणसाची नजर हळूहळू आकडे, नोंदी आणि रोजच्या इशाऱ्यांमध्ये उतरू लागली. भारतात हे काम १९६९ मध्ये मनालीला सुरू झालं, संरक्षण संशोधन खात्याच्या हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्थेत. सियाचीन आणि काश्मीरच्या चौक्यांना मिळणारे इशारे त्याच परंपरेतले.

झ्दार्स्की २० जून १९४० ला सांक्ट पोल्टेन इथे गेला. पुन्हा एक महायुद्ध चालू होतं, आणि ज्या साम्राज्यात तो जन्मला ते कधीच नकाशावरून पुसलं गेलं होतं. त्याला हाबर्नराइटलाच पुरलं, ज्या उतारावर तो तीन मीटरच्या फळ्या बांधून पहिल्यांदा पडला होता, त्याच्या जवळ. लिलिएनफेल्डच्या संग्रहालयात त्याच्या वस्तू ठेवलेल्या आहेत, त्यांत त्याच्या स्की आहेत आणि ती एकच लांब काठी.